मैदानावरचं ऊन आणि लेकींचा रंग

वाटूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. हातातलं काम थांबवू नका. तूर निवडत असाल तर निवडा, भाकरी थापत असाल तर थापा. ऐकायला कान पुरेत.

आज कर्जाचा, हप्त्याचा विषय नाही. आज रंगाचं बोलायचं आहे. घरात मूल जन्मलं की पहिला प्रश्न असतो, मुलगा का मुलगी? मुलगी म्हटलं की लगेच दुसरा, रंग कोणावर गेला? आईचा गोरा घेतला असेल तर बाया म्हणतात, चला, चिंता मिटली. नाहीतर बाळ अजून डोळे उघडायचं असतं आणि त्याच्या लग्नाची काळजी सुरू होते. पुढं स्थळं बघायची वेळ आली की बायोडाटा छापतो. त्यात शिक्षण, उंची आणि रंगाचा रकाना. त्या रकान्यात 'काळा' हा शब्द आम्ही तरी कधी वाचला नाही. गोरा, निमगोरा, गव्हाळ, फार फार तर सावळा. सगळा तालुका गव्हाळ! खरा रंग लिहायची भीती वाटते, एवढी त्या रंगाची दहशत आहे.

हीच दहशत आता पोरींना मैदानावरून घरात ओढून आणते आहे. म्हणून हा विषय घेतला.

आपल्याकडं बऱ्याच पोरी पोलीस भरतीची तयारी करतात. पहाटे आणि संध्याकाळी रस्त्याच्या कडेनं पळताना तुम्हीही बघता. मुलींना 800 मीटर पळावं लागतं, 100 मीटर पळावं लागतं, गोळा फेकावा लागतो. मैदानी चाचणीचे 50 गुण आणि लेखीचे 100. पळणं कच्चं राहिलं तर अभ्यास कितीही असला तरी गाडी अडते. आमच्या ओळखीतली एक पोरगी अशीच रोज पळायची. चांगली पळायची. एक दिवस येईनाशी झाली. गटाच्या बैठकीत तिच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, पुढच्या महिन्यात पाहुणे यायचेत. पोरगी उन्हानं पार करपली. अशी बघून कोण पसंत करील?"

बैठक गप्प झाली. कारण हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येकीनं कधी ना कधी ऐकलेलं असतं. मग कोपऱ्यातून एक म्हातारी मावशी बोलली, "कापूस येचायला पोरगी दिसभर उन्हात चालती. सोयाबीन काढायला चालती. तवा तिचा रंग कुणाला दिसत नाही. अन् सोतासाठी अर्धा तास पळाली की रंग दिसतो व्हय?"

मैत्रिणींनो, त्या मावशीनं विषयाची गाठच सोडून दाखवली. ऊन तेच आहे. दुसऱ्याच्या कामासाठी पोरीनं ते अंगावर घेतलं तर चालतं, स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी घेतलं की ती काळी पडते.

हे फक्त आपल्या खेड्यापाड्यात घडतं असंही नाही. सानिया मिर्झा सगळ्यांना माहीत आहे. टेनिस खेळणारी, हैदराबादला वाढलेली. दुहेरी आणि मिश्र दुहेरीत मिळून तिनं 6 ग्रँड स्लॅम किताब जिंकले. टेनिसमधल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांना ग्रँड स्लॅम म्हणतात. या सानियानं 2019 मध्ये दिल्लीतल्या एका परिषदेत सांगितलं, की ती 8 वर्षांची होती तेव्हा लोक तिला म्हणायचे, उन्हात खेळशील तर काळी होशील आणि तुझ्याशी लग्न कोणी करणार नाही. विचार करा. 8 वर्षांचं लेकरू. त्याच्या हातात रॅकेट आणि आजूबाजूच्या काका-काकूंच्या तोंडात त्याचं लग्न! तिचे आईवडील त्या बोलण्याला भुलले असते तर ते 6 किताब देशाला मिळाले नसते. आईवडील ऐकतात की नाही, एवढ्यावरच पोरीचं सगळं आयुष्य वळतं.

काहीजणी म्हणतील, हे बायांचं झालं, पुरुषांना कोण रंग विचारतो? त्यांनाही विचारतात. चेन्नईचा अभिनव मुकुंद भारतासाठी कसोटी क्रिकेट खेळला. ऑगस्ट 2017 मध्ये भारतीय संघ श्रीलंकेच्या दौऱ्यावर होता, तोही संघात होता. तेव्हा त्यानं एक निवेदन लिहून जगासमोर ठेवलं. लहानपणापासून लोकांना माझ्या कातडीच्या रंगाचं एवढं काय पडलंय ते मला कळलं नाही, असं त्यानं लिहिलं. रंगावरून त्याला नावं ठेवली गेली. त्यानं हसून सोडून दिलं आणि खेळत राहिला. पुढं त्यानं लिहिलं, की मी रोज उन्हात सराव केला, रंग दोन छटा गडद झाला, पण त्याचा मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. कारण जे आवडतं ते करायचं तर उन्हात जावंच लागतं.

त्याच चेन्नईचे लक्ष्मण शिवरामकृष्णन. आपल्यातल्या ज्यांच्या घरी तेव्हा क्रिकेटचं वेड होतं त्यांना नाव आठवेल. 1984 साली मुंबईच्या वानखेडे मैदानावर त्यांनी इंग्लंडच्या 12 विकेट घेतल्या होत्या, तेव्हा त्यांना मिसरूडही नीट फुटली नव्हती. पुढं बरीच वर्षं ते समालोचन करत होते. 2021 मध्ये त्यांनी लिहिलं, की रंगावरून आपल्याला आयुष्यभर हिणवलं गेलं आणि तेही आपल्याच देशात. देशासाठी सामना जिंकून दिलेला माणूस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हे सांगतो, म्हणजे ती जखम किती जुनी आणि किती ओली असेल!

आता एक गोष्ट जरा नीट ऐका, कारण ती आपल्या रोजच्या बोलण्याची आहे. डॅरेन सॅमी हा वेस्ट इंडिजचा माजी कर्णधार. त्याच्या नेतृत्वाखाली त्यांनी 2012 आणि 2016 असे दोन वेळा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकले. तो आयपीएलमध्ये हैदराबादच्या संघाकडून खेळायचा. तिथं काहीजण त्याला 'कालू' म्हणायचे. त्याला वाटायचं, बलवान माणसाला असं म्हणत असतील. 2020 मध्ये त्याला त्या शब्दाचा खरा अर्थ कळला आणि त्याला फार लागलं. त्यानं तसं उघड सांगितलं. नंतर एका सहकाऱ्यानं त्याला सांगितलं, की आम्ही प्रेमानं म्हणायचो.

आपल्याकडंही असंच असतं, नाही का? घरात एक काळी, एक काळ्या, एक काळू असतोच. विचारलं तर म्हणायचं, प्रेमानं म्हणतो. म्हणणाऱ्याला प्रेम दिसतं, पण ऐकणारी पोर आरशात काय बघते, ते तिलाच विचारायला हवं.

हे ऐकून वाटेल, की माणूस जगभर नावाजला, पैसा आला, की असल्या बोलण्याचं त्याला काही वाटत नसेल. त्यासाठी अमेरिकेतल्या एका खेळाडूचं सांगतो. सॅमी सोसा त्याचं नाव. डॉमिनिकन रिपब्लिक नावाच्या बेटावरच्या देशातला. त्याचा भाग उसाचा. आपल्याकडून ऊसतोडीला माणसं जातात तशीच तिकडं उसाच्या मळ्यांवर राबणारी माणसं. लहानपणी त्यानं बूट पॉलिश करून घराला हातभार लावला. पुढं तो अमेरिकेत बेसबॉल खेळू लागला. तिथं चेंडू मैदानाबाहेर मारला की त्याला होम रन म्हणतात, आपल्या षटकारासारखं. त्यानं असे 609 होम रन मारले. 1998 च्या एका मोसमात 66. करोडो लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवायचे. त्याचा रंग काळा होता आणि त्या रंगासकट त्याच्यावर लोकांनी जीव ओवाळून टाकला होता.

2009 मध्ये खेळ सोडल्यानंतर एका कार्यक्रमात तो दिसला, तर लोक चकित झाले. चेहरा पांढुरका झालेला. त्यानं सांगितलं, की रात्री झोपताना कातडी मऊ व्हावी म्हणून एक क्रीम लावतो, त्यानं रंग थोडा उजळला. लोकांनी त्याची खूप चेष्टा केली. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्याच्याकडं सगळं आहे अशा माणसाच्या हाती रोज रात्री ती बाटली असेल, तर आपल्या गावातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीनं 50 रुपयांची डबी उशाखाली लपवली तर तिला दोष कसा द्यायचा? गोरं म्हणजे वरचं आणि काळं म्हणजे खालचं, हे त्या बेटावरही शेकडो वर्षं ठसवलं गेलं. गोऱ्या मालकांनी मळे चालवले आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना त्यात गुलाम म्हणून राबवलं. गुलामगिरी गेली, पण रंगाची उतरंड मनात राहिली.

आणि आपल्या मातीचं काय? आपलं छत्रपती संभाजीनगर, ज्याचं जुनं नाव खडकी, ते वसवलं मलिक अंबरनं 1610 च्या सुमारास. तो मूळचा आफ्रिकेतल्या इथिओपियाचा, काळ्या रंगाचा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढं निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं शहराला जमिनीखालून नहरीचं पाणी आणलं. जमिनीची मोजणी करून सारा ठरवायची त्याची पद्धत नावाजली गेली. मुघल फौजांना त्यानं वर्षानुवर्षं दमवलं. मालोजीराजे आणि शहाजीराजे यांच्यासारखे मराठा सरदार त्याच्या काळात निजामशाहीत होते. म्हणजे काळ्या माणसाची हुशारी आणि हुकूम या मराठवाड्यानं चारशे वर्षांपूर्वी बघितला आहे. शिवाय आपला विठोबा सावळा. वारीला जाताना त्या सावळ्या रूपासाठी आपण 15-20 दिवस उन्हापावसात चालतो. रंगाचा हिशेब फक्त लेकीच्या बाबतीतच मांडतो.

हा हिशेब आपल्या डोक्यात पक्का करायला जाहिरातींनीही बरंच काम केलं. फेअर अँड लव्हली ही क्रीम 1975 साली बाजारात आली. तिच्या जाहिरातीत पोरगी गोरी झाली की तिला नोकरी मिळायची, नवरा मिळायचा. 2003 च्या विश्वचषकाच्या सुमारास तर एक जाहिरात अशी होती, की एका मुलीला क्रिकेटचं समालोचन करायचं असतं. तिला खेळ कळतो की नाही हा मुद्दाच नाही, क्रीम लावली आणि समालोचकाच्या खुर्चीत जाऊन बसली! पुढं पुरुषांच्या गोरेपणाच्या क्रीमही आल्या. विराट कोहलीसारख्या क्रिकेटपटूनंही अशी जाहिरात केली. उन्हात घाम गाळून मोठा झालेला खेळाडू उजळपणाची क्रीम दाखवतो, तेव्हा बघणाऱ्या पोरासोरांनी काय समजायचं? 2014 मध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेनं नियम केला, की गडद रंगाचा माणूस दुःखी, कमी किंवा अयशस्वी असं दाखवायचं नाही. 2020 मध्ये जगभर वंशभेदाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' शब्द गेला आणि 'ग्लो' आला. डबीवरचा शब्द बदलला. लोकांच्या मनातला शब्द बदलायचं काम आपल्याकडं राहिलं.

आता मैत्रिणींनो, जिवाची गोष्ट. इथं मात्र भाकरी तव्यावरून उतरवा आणि ऐका.

2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातली आई आणि तिच्या दोन मुली. तिघींच्या मूत्रपिंडाला, म्हणजे किडनीला इजा झाली. एकाच वेळी तिघींना असं कसं होईल, म्हणून मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मागोवा घेतला. तिघी एकच गोरं करणारी क्रीम लावत होत्या. तपासली तर तिच्यात पारा निघाला, मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही असंच पाहिलं. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात त्यांच्याकडं किडनीच्या एका ठरावीक आजाराचे 22 रुग्ण आले. त्यातल्या 15 जणांमध्ये आजाराचा एक दुर्मीळ प्रकार सापडला आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचं सांगितलं.

पारा म्हणजे थर्मामीटरमध्ये चमकतो तोच. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग तयार होतो. तो उन्हापासून कातडीचं रक्षण करतो, शरीरानंच धरलेली छत्री म्हणा. पारा हा रंग तयार होऊच देत नाही, म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळतो आणि बाई खूश होते. पण पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि किडनीत साठतो. पाय सुजतात, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, लघवीला फेस येतो. आईच्या गालाला गाल लावणाऱ्या लेकराच्या अंगावर तो जातो, एकाच टॉवेलनं घरात पसरतो. पोटुशी बाई असेल तर पोटातल्या बाळालाही धोका. म्हणूनच आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला कायद्यानं बंदी आहे. चुकून आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, डोळ्यांच्या प्रसाधनांचा नियम वेगळा. तरी लेबल नसलेल्या डब्या बाजारात येतातच.

दुसरा प्रकार स्टिरॉइडच्या मलमांचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन अशी नावं असतात. ही औषधं वाईट नाहीत, ठरावीक आजारावर डॉक्टर थोडे दिवस देतात. पण गोरं व्हायला महिनोन्महिने चोळली की कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात, ओठांवर-हनुवटीवर केस येतात. सोडलं की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून बाई पुन्हा लावते. 2018 पासून अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तरी "मेडिकलवाल्याकडची भारी ट्यूब" म्हणून ती मैत्रिणी-मैत्रिणींत फिरते.

आमच्या ओळखीच्या एका गटात या गोष्टीवरून मोठी चर्चा झाली. एका ताईनं पार्लरसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. ताई हुशार, हात चांगला, लग्नसराईत कमाई नक्की. कर्ज द्यायला कोणाची हरकत नव्हती. पण तिच्या मालाच्या यादीत लेबल नसलेल्या क्रीमच्या दोन डझन डब्या होत्या. ती म्हणाली, "गिऱ्हाईक तेच मागतं. मी नाही ठेवली तर दुसरीकडं जाईल. माझं नुकसान कोण भरून देणार?" तिचं म्हणणं चूक नव्हतं, तिच्याही घरात दोन लेकरं आहेत. दोन बैठका बोलणं चाललं. शेवटी कर्ज पूर्ण दिलं, पण त्या डब्यांचे पैसे मेंदीचे कोन, शिकेकाई आणि थ्रेडिंगच्या सामानाकडं वळवले. आणि गटातल्या सगळ्याजणींनी आपापल्या घरचं मेंदीचं काम तिलाच द्यायचं ठरवलं. नुसतं "विकू नको" म्हणून चालत नाही. बाईचं पोट सांभाळून सांगितलं तर ती ऐकते.

तर क्रीम हातात घेतली की काय बघायचं, ते आज पाठच करा. एक, डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत संपायची तारीख आहे का? यातलं काही नसेल तर डबी खाली ठेवा. दोन, बाहेर देशातली असेल तर आपल्याकडं आणणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का? तीन, घटकांमध्ये मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल असा शब्द असेल तर तो पाराच. चार, "सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" असं लिहिलं असेल तर सावध व्हा, पारा सोन्याला धरतो म्हणून तसं लिहितात. जी वस्तू सोन्याला चालत नाही ती लेकीच्या गालाला कशी चालेल? पाच, "सात दिवसांत गोरेपणा" असं कोणी सांगितलं तर तिथंच रामराम करा. आणि अशी क्रीम आधीपासून चालू असेल, अंगावर सूज किंवा फेसाळ लघवी असेल, तर डबी घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि लघवी तपासून घ्या. स्टिरॉइडचं मलम असेल तर डॉक्टरांना विचारून सोडा. अशा मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते.

मग पळणाऱ्या पोरींची काळजी घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण खऱ्या गोष्टींची. सराव पहाटे किंवा ऊन उतरल्यावर ठेवा. डोक्याला टोपी, अंगात सुती कपडा, सोबत पाणी, लिंबू-मीठ-साखर. पायात धड बूट. आणि चेहऱ्याच्या रंगाऐवजी रक्ताचा रंग बघा. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं आहे. कित्येकदा पोर "उजळली" म्हणून घरचे खूश होतात आणि खरं तर ती रक्त कमी होऊन पांढुरकी पडलेली असते. तिच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघा, फिकट दिसली तर हिमोग्लोबिन तपासा. बाईला 12 च्या वर हवं. 50 रुपये डबीत घालण्यापेक्षा ते शेंगदाणे, गूळ आणि पालेभाजीत घाला, डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी चुकवू देऊ नका.

उन्हात घडलेल्या लेकींची नावं आपल्याच राज्यात कमी नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, आदिवासी घरातली. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावण्यात तिनं कांस्यपदक आणलं. त्या स्पर्धांमध्ये धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. सातारा जिल्ह्यातल्या माण या दुष्काळी तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीत, तिनं 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. 1984 मध्ये पी. टी. उषानं गाठली होती, त्यानंतर 32 वर्षांनी एका भारतीय महिलेनं धावपट्टीवरची अंतिम फेरी गाठली. आपल्या मराठवाड्यातल्या धाराशिवची सारिका काळे, खो-खोसाठी 2020 चा अर्जुन पुरस्कार. मूळची बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे, तिच्या नेतृत्वाखाली जानेवारी 2025 मध्ये भारतीय मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. या सगळ्यांची नावं घड्याळानं आणि गुणफलकानं मोठी केली. रंगाचा रकाना त्या दोन्हींत कुठंच नसतो.

त्या पोलीस भरतीवाल्या पोरीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. पाहुणे आले, बघून गेले, निरोप आला नाही. आई रडली. मग पोरगीच म्हणाली, "माय, आता तरी पळू दे." आता ती आणखी दोघींबरोबर पहाटे पळते. आळीपाळीनं कोणाची तरी आई सोबत जाते, पाण्याची बाटली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन. भरती व्हायची आहे, निकाल लागायचा आहे. काय होईल ते आज कोणी सांगू शकत नाही. पण आईच्या तोंडचा प्रश्न बदलला आहे. "किती काळी पडलीस" याच्या जागी ती आता "किती मिनिटं लागली" असं विचारते.

तर पुढच्या बैठकीसाठी तीन कामं. प्रत्येकीनं घरातली चेहऱ्याची क्रीम पिशवीत घालून आणायची आणि लेबल मोठ्यानं वाचायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शाळेत जाणाऱ्या लेकी वाचतील. दुसरं, गावात खेळणाऱ्या, पळणाऱ्या मुली किती आणि गेल्या वर्षात घरी बसवल्या किती, याची यादी इतिवृत्ताच्या वहीत लिहायची, आणि प्रत्येकीच्या घरी दोघी-दोघींनी जाऊन बोलायचं. तिसरं, लेकीचा बायोडाटा लिहायला घेतला तर रंगाची ओळ खोडा. त्या जागी ती काय करू शकते ते लिहा.

एवढं बोलून आम्ही वाटूरकर बाया तुमची रजा घेतो. बैठकीत काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.